पापडखारातला खार आणि पाठ्यपुस्तकातला क्षार

एका वाचक बाईंनी पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘आम्ल आणि आम्लारी यांच्यापासून क्षार आणि पाणी तयार होते’ असे वाक्य आहे आणि क्षाराचे उदाहरण म्हणून मीठ दिलेले आहे. भाचा हिंदी माध्यमात शिकतो, त्याच्या पुस्तकात मात्र मिठाला ‘लवण’ म्हटले आहे आणि ‘क्षार’ म्हणजे अल्कली, म्हणजे पाण्यात विरघळून आम्लाचा प्रभाव मारणारा पदार्थ, असे शिकवले आहे. सासूबाई पापडखाराला नुसते ‘खार’ म्हणतात. यांपैकी बरोबर कोण, आणि सासूबाईंच्या जुन्या वहीतला ‘सज्जीखार’ म्हणजे आजचा पापडखारच का, असे त्यांनी विचारले आहे.

‘खार’ हे ‘क्षार’ या संस्कृत शब्दाचेच घरगुती रूप आहे. क्षीरची खीर झाली, लक्षचे लाख झाले, तसाच क्षारचा खार झाला. खरा प्रश्न उच्चाराचा नसून अर्थाचा आहे, कारण तत्सम ‘क्षार’ शाळेत गेला आणि तद्भव ‘खार’ स्वयंपाकघरात राहिला, आणि दोघांचे अर्थ वाटेत वेगळे झाले.

जुना अर्थ कोणता, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला अकरावा अध्याय सबंध क्षारावर आहे. तिथे क्षार म्हणजे ठराविक वनस्पती जाळून, त्यांची राख पाण्यात कालवून, ते पाणी पुनःपुन्हा गाळून आणि आटवून केलेला झोंबरा, मांस खाणारा पदार्थ होय, आणि शब्दाची व्युत्पत्तीही ‘क्षरण’, म्हणजे झिजवणे किंवा विरघळवणे, या क्रियेवरून दिलेली आहे. लाकडाच्या राखेत मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असते. तिच्या पाण्यात चुना घातला की कॉस्टिक पोटॅश तयार होते आणि पाणी अधिक जहाल बनते. सुश्रुताच्या कृतीत चुनखडी आणि शंख भाजून घालायला सांगितले आहे ते याचसाठी, असे आज रसायनशास्त्राच्या आधारे म्हणता येते. हा क्षार मिठासारखा मुळीच नाही. तो अल्कली आहे.

गंमत अशी की ‘अल्कली’ या शब्दाचा अर्थही राखच आहे. अरबी ‘अल्-कली’ म्हणजे खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या झुडपांची राख, आणि ‘पोटॅश’ म्हणजे भांड्यात आटवलेली राख. हम्फ्री डेव्हीने १८०७ साली या पदार्थांतून दोन नवे धातू वेगळे काढले, तेव्हा त्यांतल्या एकाला पोटॅशियम हे नाव याच राखेवरून मिळाले. आपल्या देशातच पाहायचे तर आसामात केळीची साल किंवा खोड जाळून, त्या राखेतून पाणी गाळून स्वयंपाकात घालतात आणि त्या पाण्यालाही, त्याच्या पदार्थालाही ‘खार’च म्हणतात.

आता आपल्या घरातली आणि बाजारातली नावे पाहावीत. पापडखार, सज्जीखार, जवखार, टाकणखार. सज्जी हे ‘सर्जिका’चे रूप असून सज्जीखार हा खारट जमिनीतल्या झुडपांच्या राखेतून निघणारा अशुद्ध सोडियम कार्बोनेट आहे. जवखार म्हणजे यवक्षार, जवाच्या राखेतला. टाकणखार म्हणजे टंकणक्षार, इंग्रजीतला बोरॅक्स, जो सोनार डाख देताना वापरतो. तो राखेतून येत नाही, पण पाण्यात टाकला की पाणी अल्कधर्मी होते. याउलट तुरटी, मोरचूद आणि नवसागर यांच्या नावांत ‘खार’ नाही, आणि हे तिन्ही पदार्थ पाण्यात विरघळले की पाणी किंचित आम्लधर्मी होते. आयुर्वेदाच्या रसशास्त्रात नवसागराला ‘चूलिकालवण’ असेही म्हटले आहे. ज्यांनी ही नावे ठेवली त्यांच्याजवळ लिटमस कागद नव्हता. जीभ, बोटे आणि हळद एवढीच साधने होती, आणि तरीही विभागणी इतकी चोख झाली आहे की मला दर वेळी तिचे कौतुक वाटते.

हळदीचा उल्लेख उगाच केलेला नाही. चिमूटभर हळद पाण्यात कालवून तीन वाट्यांत वाटून घ्यावी. एकीत मीठ घातले तर रंग पिवळाच राहतो. दुसरीत खायचा सोडा घातला तर तो जेमतेम नारंगीकडे झुकतो. तिसरीत पापडखार पडताच पाणी विटकरी लाल होते, आणि त्यावर लिंबू पिळले की फसफसून पुन्हा पिवळे होते. वरणाचा डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लावल्यावर तो लाल दिसू लागतो, त्याचे कारण हेच. पापडखाराचा हात जड झाला की तळलेले पापड लालसर आणि किंचित कडवट होतात, हेही ज्यांच्या घरी पापड होतात त्यांना सांगायला नको.

मग शाळेने अर्थ बदलला तो चुकीचा म्हणायचा का? तसे म्हणता येणार नाही, कारण बोलीने तो आधीच सैल केला होता. खारट ही चव मिठाची आहे. खारे शेंगदाणे, खारा वारा, खारफुटी, लोणच्याचा खार, या सगळ्यांत मीठच आहे. विंधण विहिरीच्या पाण्यात ‘क्षार जास्त आहेत’ असे म्हणताना आपल्या मनात विरघळलेली सगळीच लवणे असतात. शेतीच्या मराठीने तर ही अडचण स्वतःपुरती सोडवलीही आहे: ज्या जमिनीत विद्राव्य क्षार साचले ती क्षारयुक्त आणि जिच्यात सोडियम बसून माती चिकट झाली, पाणी मुरेना आणि सामू (पीएच) साडेआठाच्या वर गेला ती चोपण. अल्कलीसाठी शेतकऱ्याने ‘क्षार’ शब्द वापरलाच नाही. अशा परिस्थितीत पाठ्यपुस्तकाने आम्ल, आम्लारी, अल्कली आणि क्षार अशी चौकट बसवली. ‘आम्लारी’, म्हणजे आम्लाचा अरी, हा शब्द मला व्यक्तिशः फार आवडतो. हिंदीने हीच चौकट अम्ल, क्षारक, क्षार आणि लवण अशी केली आणि जुना अर्थ सांभाळला. मराठी विश्वकोशातही ‘लवण’ आढळते. म्हणजे ‘क्षार’ या एकाच शब्दाला दोन शेजारी भाषांत दोन पारिभाषिक अर्थ चिकटले आहेत, आणि हिंदीतून मराठीत भाषांतर करणाऱ्यांची त्यामुळे हटकून फसगत होते.

पापडखाराच्या बाबतीत मात्र दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे ठरतात. त्यात बहुधा सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे खायचा सोडा, आणि सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याच्या सोड्यातला पदार्थ, असे दोन्ही असतात. खायच्या सोड्याच्या सूत्रात सोडियम, हायड्रोजन आणि कार्बन यांचा प्रत्येकी एक आणि ऑक्सिजनचे तीन अणू असतात. धुण्याच्या सोड्यात सोडियमचे दोन, कार्बनचा एक, ऑक्सिजनचे तीन आणि स्फटिकात पाण्याचे दहा रेणू, इतके की स्फटिकाच्या वजनाचा सुमारे ६३ टक्के भाग पाणीच असतो. डबा उघडा राहिला की यातले बहुतेक पाणी उडून जाते आणि काचेसारख्या खड्यांची पांढरी भुकटी होते. दोन्ही पदार्थ कार्बोनिक आम्लाचे क्षार आहेत, म्हणून शाळेच्या अर्थाने क्षार. आणि दोन्ही पाण्यात अल्कधर्मी आहेत, म्हणून सुश्रुताच्या अर्थानेही क्षार. गोंधळ होतो तो मीठ आणि तुरटी यांच्यापाशी, जे फक्त पहिल्या अर्थाने क्षार आहेत. (सीकेपी घरांतल्या सोड्याच्या खिचडीचा या सोड्याशी काहीही संबंध नाही, ते सोडे म्हणजे वाळवलेली कोलंबी.)

या दुहेरी अर्थाचा सर्वांत मोठा नमुना बुलढाणा जिल्ह्यात आहे. लोणार हे नाव ‘लवण’वरून आले, म्हणजे मिठाचे, पण त्या सरोवराचे पाणी नुसते खारट नसून त्याचा सामू दहाच्या आसपास आहे आणि त्यात सोडियम कार्बोनेट भरपूर आहे. पूर्वी उन्हाळ्यात पाणी आटले की काठावरचा खार गोळा केला जात असे. नाव लवणाचे आणि माल खाराचा, असे हे सरोवर आहे.

लिहिताना काय करावे, याबद्दल माझे मत असे आहे. शालेय किंवा सर्वसामान्य मराठीत ‘क्षार’ हा शब्द लवणाच्या अर्थानेच वापरावा, कारण तो आता रुळला आहे. अल्कलीसाठी ‘अल्कली’ आणि ‘अल्कधर्मी’ हे शब्द वापरावेत. आयुर्वेदाविषयी लिहिताना, उदाहरणार्थ क्षारसूत्राच्या, म्हणजे क्षार लावलेल्या दोऱ्याच्या, उपचारासंबंधी, जुना अर्थ एका वाक्यात सांगून पुढे जावे. वस्तूंच्या नावांतला ‘खार’ मात्र कोणी दुरुस्त करायला जाऊ नये. मुलीचे पुस्तक, भाच्याचे पुस्तक आणि सासूबाई, तिघेही आपापल्या ठिकाणी बरोबर आहेत. त्यातल्या त्यात सर्वांत जुना अर्थ सासूबाईंकडे आहे.

राहिला वहीतला सज्जीखार. पापडाच्या कृतीपुरता तो आजचा पापडखार समजायला हरकत नाही. मात्र जुना सज्जीखार अशुद्ध असे आणि त्याचा जोर प्रत्येक खेपेला वेगळा असे, आणि आजच्या पुड्यात बहुधा सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेट यांचे मिश्रण असते, त्यामुळे वहीतले प्रमाण जसेच्या तसे न घेता थोडे कमी घालून आधी एकच पापड तळून पाहावा. आणि रासायनिक नाव एकच आहे म्हणून कपडे धुण्याचा सोडा पिठात घालू नये. तो खाण्यासाठी शुद्ध केलेला नसतो.