दूध-तूप न वापरता, घरातल्याच सामानातून बरबटीची (चवळीची) गोड खीर कशी करावी?

ताई, तुम्ही लिहिलंय की पुण्याहून भाची येतेय, ती व्हीगन झालीय म्हणजे दूध-तूप बंद, तिला कडधान्याची गोड खीर खायचीय, आणि तुमच्या गावात नारळाचं दूध मिळत नाही. नारळाच्या मागे लागूच नका. आपल्याकडे फल्लीदाणे (शेंगदाणे) असताना त्याची गरजच नाही. आमच्या घरी म्हैस आटली की अशीच खीर व्हायची, फक्त तिला व्हीगन म्हणतात हे आत्ता कळलं.

मी अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरकडची. कपाशीत बरबटीचं एखादं तास (ओळ) असतंच, त्यामुळे डब्यात बरबटी (तिकडे पुण्याकडे चवळी म्हणतात ती) कायम. एक वाटी बरबटी निवडून रात्री भिजत घाला. सकाळी ते पाणी फेका, तीन वाट्या नवं पाणी घाला, चमचाभर तेल टाका म्हणजे फेस शिट्टीत येत नाही, आणि कुकरला चार-पाच शिट्ट्या द्या. दाणा दोन बोटांत धरून दाबला की लोण्यासारखा दबला पाहिजे. तसा दबेपर्यंत पुढे जायचंच नाही.

आता माझी फजिती सांगते. लग्न होऊन नवीनच आले होते, वेळ वाचवायला मी गूळ बरबटीसोबतच कुकरमध्ये टाकला. आठ शिट्ट्या झाल्या. सासूबाईंनी एक दाणा दाबून पाहिला तर तो बोटांतून टुणकन उडून चुलीपाशी पडला. "काय व पोरी, छर्रे शिजवले काय?" गुळातली साखर आणि त्यातला कॅल्शियमचा अंश दाण्याची साल सैलच होऊ देत नाही. म्हणून गूळ नेहमी दाणा पूर्ण शिजल्यावर.

दुसरी भानगड पाण्याची. आमचा भाग खारपाणपट्ट्यात येतो, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं. बोअरच्या जड पाण्यात जुनी बरबटी कितीही शिजवा, गणंग (न शिजलेले कडक दाणे) राहतात. तुमच्याकडेही तसंच पाणी असेल तर भिजवायला आणि शिजवायला फिल्टरचं घ्या. तेही नसेल तर भिजवतानाच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा. चिमूटभरच हं, जास्त झाला तर खिरीला साबणाचा वास येतो.

कुकर होईपर्यंत फल्लीदाण्याचं दूध काढून ठेवा. अर्धी वाटी कच्चे फल्लीदाणे दोन तास गरम पाण्यात ठेवले की साल चोळून निघते. साल काढली नाही तर खीर काळपट आणि तुरट होते. हे दाणे दीड वाटी पाण्यात मिक्सरवर अगदी बारीक फिरवा. गाळू नका, चोथा कशाला वाया घालवायचा? याच पाण्यात चमचाभर ज्वारीचं पीठ कालवलं की खीर फुटल्यासारखी दिसत नाही. तांदळाचं पीठही चालतं, पण मला ज्वारीचीच चव आवडते.

शिजलेली बरबटी गंजात (पातेल्यात) काढा आणि साधारण तिसरा हिस्सा पळीनं गंजाच्या कडेला घासून मोडा. दाटपणा त्यातूनच येतो. त्यावर दाण्याचं दूध ओता आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ढवळत रहा, हात थांबवू नका, बुडाला लगेच लागतं. कच्च्या दाण्यांचा वास गेला की समजायचं झालं. मग पाऊण वाटी गूळ अर्ध्या वाटी पाण्यात विरघळवून गाळून घाला. गाळायचा कंटाळा केला तर दातांखाली खडा येतो. आणखी पाच मिनिटं उकळा, शेवटी सुंठ, वेलदोडा आणि मिठाचा कण. घरात सुकं खोबरं असेल तर किसून भाजून वरून टाका, नसेल तर भाजलेले तीळ.

भिजत घालायला विसरलात तर मुगाची डाळ घ्या. कोरडीच खमंग भाजायची, तीन शिट्ट्या, बाकी सगळं हेच. झटपट होते, पण बरबटीचा तो मऊ दाणा त्यात लागत नाही.

थंड झाली की खीर घट्ट होते, तेव्हा गरम पाणी घालून सैल करा. उन्हाळ्यात सकाळची सकाळीच संपवा, आपल्याकडच्या उन्हात संध्याकाळपर्यंत आंबते.

आणि वाढताना सांभाळा बरं. आमच्याकडे खीर वाटीत पडली की वाढणारीचा हात आपोआप तुपाच्या भांड्याकडे जातो. भाचीची वाटी आधीच वेगळी काढून ठेवा.