संभाजीनगरात चार-सहा मित्रांनी कॅरम, डार्ट्स खेळत निवांत बिअर घ्यावी असा साधा बार आहे का?

पुण्यासारखी डार्ट्स मांडलेली जागा एखाद्या मोठ्या हॉटेलात सापडेलही, पण ती साधी नसेल आणि बिलही साधं नसेल. गल्लीतली परमिट रूम आणि तिथे खेळ, हे आपल्याकडे जवळपास नाहीच. शहराशेजारच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत बिअरचे एवढे कारखाने, की २०१६च्या दुष्काळात त्यांच्या पाण्याचा प्रश्न थेट औरंगाबाद खंडपीठात गेला होता. त्याच गावात बिअर घेऊन खेळायला जागा नसावी याचं मला खरंच वाईट वाटतं. कारण एक जागा होती.

वाळूजच्याच बजाजनगरकडे एका परमिट रूमच्या मागे पत्र्याची शेड होती. तिथे मालकाने कॅरम टाकला होता, वर वायरला लोंबता बल्ब. जनरल शिफ्ट सुटली की आम्ही तिथे. बोरिक पावडर मालक स्वतः पसरायचा, दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. बोर्डाच्या कडेवर कोणी ग्लास ठेवला की गल्ल्यावरून ओरडायचा. ओल लागली की प्लायवूड फुगतं आणि मग स्ट्रायकर सरळ जात नाही. म्हणून ग्लास खिडकीच्या कट्ट्यावर. हरलेल्या जोडीने मसाला पापड आणि उकडलेली अंडी मागवायची, एवढीच पैज. राणी गेली तरी कव्हर घ्यावंच लागतं, आणि त्याला हात स्थिर लागतो. त्यामुळे ज्याला जिंकायचं असे तो आपोआप कमी प्यायचा. एक बिअर दोन-दोन बोर्ड, म्हणजे डाव, पुरायची.

मग आमच्यातल्याच एकाने बोर्डामागे शंभर रुपये लावायला सुरुवात केली. शंभराचे पाचशे झाले, आजूबाजूचे अनोळखी लोक येऊ लागले, आणि एका शनिवारी कंत्राटावरचा एक पोरगा आठवड्याचा पगार हरला. स्टूल फेकलं गेलं, एकाचं डोकं फुटलं. सकाळी मालकाने बोर्ड उचलून टाकला.

तो मित्र आजही म्हणतो, मालक घाबरट होता. म्हणतो, १८८७चा जुगारबंदी कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना लागू नाही, कॅरम कौशल्याचाच, मग पापडाची पैज चालते तर पैशांची का नाही? अरे, पापड आला की हरलेलाही खातो. पैसे एकाच्या खिशात जातात आणि दुसऱ्याच्या घरी चूल अडते. आणि कायदा काय म्हणतो ते कोर्टात ठरेल. मारामारी झाली की पोलीस आणि एक्साईज आधी मालकाच्या दारात उभे राहतात. त्याने सगळी पुंजी लायसन्समध्ये घातलेली. मालकाचं शंभर टक्के बरोबर होतं. जागा बंद पाडली ती पैज लावणाऱ्यांनी.

तेव्हा तुम्ही असं करा. शहराबाहेर मोठं आवार असलेली गार्डनवाली परमिट रूम बघा, मालकाशी आधी बोला, आठवड्याच्या मधल्या वारी जा. शनिवार-रविवारी टेबल अडवलेलं कुणालाच परवडत नाही. कॅरम शक्यतो तुमचाच न्या. पत्ते मात्र नकोत. रमी कौशल्याचा खेळ असल्याचं सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्येच म्हटलंय, पण टेबलावर पत्ते दिसले की मालकाला घाम फुटतो, आणि तो बिचारा चुकत नाही. ग्रुपमधला कोणी 'मजा म्हणून' शंभरची नोट काढू लागला तर त्याला पहिल्याच बोर्डाला थांबवा, दोस्ती कितीही जुनी असो.

हो, एक राहिलं. बिअरला २१ आणि दारूला २५ वय पूर्ण लागतं, पिण्याचं परमिटही लागतं. एक दिवसाचं बारमध्येच मिळतं. आणि वाळूज रस्त्यावर रात्री ट्रक फार असतात, तेव्हा परत येताना न पिणारा एक जण गाडीवर हवाच.