शिंपल्यातलं सेलेनियम हृदयाला कितपत पावतं?

प्रश्न: सेलेनियम हे खनिज असलेल्या शिंपल्यांच्या प्रथिनामुळे हृदयाच्या पेशी वाचतात, असं वाचलं. वाचतात म्हणजे कशापासून?

उत्तर: त्यांच्या स्वतःच्याच धुरापासून म्हणा ना. हृदयाला सुट्टी नसते, म्हणून त्याच्या पेशीची सुमारे एक तृतीयांश जागा ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकाँड्रियांनीच व्यापलेली असते. ऊर्जा बनताना थोडा ऑक्सिजन भरकटतो आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. ते साचलं की पेशीच्या आवरणातली मेदाम्लं, जुनं तेल खवट व्हावं तशी, बिघडतात. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेझ हे एन्झाइम त्या पेरॉक्साइडचं पाणी करून टाकतं. या एन्झाइमच्या गाभ्यात सेलेनियम असतं, हे १९७३ मध्ये कळलं. हृदयाच्या पेशी फारशा नव्याने तयार होत नाहीत, त्यामुळे ही राखण इथे जास्त मोलाची.

प्रश्न: मग हे सिद्धच झालं की!

उत्तर: काचेच्या बशीत झालं. अशा प्रयोगांत बहुतेक वेळा उंदराच्या हृदयापासून मिळवलेल्या एच९सी२ नावाच्या पेशी वाढवतात, त्यांच्यावर पेरॉक्साइड ओततात आणि प्रथिन दिल्यावर किती जगल्या ते मोजतात. एन्झाइमचं काम समजून घ्यायला पद्धत उत्तम आहे. पण बशीतल्या पेशीला पोट नसतं! तुम्ही खाल्लेलं प्रथिन जठर आणि आतडी फोडतात. रक्तात पोचतात ती मुख्यतः सुटी अमिनो आम्लं. बशीत घातलेलं अख्खं प्रथिन हृदयापर्यंत तसंच जातं, असं धरून चालू नका.

प्रश्न: गोळीपेक्षा शिंपले बरे ना?

उत्तर: अन्न म्हणून, हो. मात्र शिंपल्यातले जीव पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यातलं कॅडमियम हा विषारी धातूही त्यांच्यात साठतो. शिंपल्यांची अ‍ॅलर्जी असेल तर विषयच संपला.

प्रश्न: वडिलांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे. रोज २०० मायक्रोग्रॅमची कॅप्सूल सुरू करू का?

उत्तर: स्वतःच्या मनाने नको. प्रौढांना दिवसाला साधारण ५५ मायक्रोग्रॅम पुरतं. सेलेनियमने हृदय खरोखर वाचलं ते चीनमध्ये, केशान आजारात. तिथल्या मातीतच हे खनिज कमी, त्यामुळे मुलांचे आणि तरुण स्त्रियांचे हृदयस्नायू निकामी होत. १९७०च्या दशकात सोडियम सेलेनाइटच्या (सेलेनियमच्याच एका क्षाराच्या) गोळ्या दिल्यावर रुग्ण झपाट्याने घटले. ती कमतरता भरून काढली होती. कमतरता नसलेल्यांचं काय? अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या 'सिलेक्ट' चाचणीत ३५ हजारांहून अधिक पुरुष होते. त्यातल्या काही गटांनी रोज याच २०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या. त्यांचे हृदयविकार कमी झाले नाहीत. सेलेनियम जास्त झालं तर केस गळतात, नखं ठिसूळ होतात, श्वासाला लसणासारखा वास येतो. वडील आधीच एखादी कॅप्सूल घेत असतील, तर बाटली पुढच्या तपासणीला डॉक्टरांकडे घेऊन जा. मल्टिव्हिटॅमिनचीही न्या, त्यातही बऱ्याचदा सेलेनियम असतं.