जुन्या गाण्यांच्या चोपड्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर आजोबांची एक ट्रंक सापडली. तिच्यात संगीत नाटकांची पदे, बोलपटांची गाणी आणि लावण्या-पोवाडे यांच्या पुष्कळ चोपड्या आहेत; मात्र निम्म्याहून अधिक चोपड्यांवर सालच छापलेले नाही. त्यांचा काळ कसा ठरवावा? आणि ही गाणी आता सहज ऐकायला मिळत असताना त्या जपून ठेवण्यात अर्थ आहे का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आपल्या दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो. त्या अवश्य जपाव्यात, कारण चोपडीत असे पुष्कळ काही असते, जे गाणे ऐकून हाती लागत नाही. संगीत नाटकांच्या पदावल्यांत पदाच्या माथ्यावर राग व ताल आणि बहुधा ‘चाल’ही दिलेली असते. एखादी चाल कोणत्या लावणीवरून, कोणत्या कानडी पदावरून किंवा पारशी रंगभूमीवरील कोणत्या गाण्यावरून उचलली, हे त्या एका बारीक ओळीवरून समजते, आणि मराठी नाट्यसंगीताचा इतिहास लिहिणाऱ्याला तिच्याइतका थेट पुरावा क्वचितच मिळतो. बोलपटांचेही तसेच आहे. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ पडद्यावर आल्यानंतरच्या काळातील कित्येक चित्रपटांच्या प्रती आज उपलब्ध नाहीत, आणि ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असल्यामुळे लांब गाण्यांतील काही कडवी मुद्रणाच्या वेळी गाळली जात. ती गाळलेली कडवी, पात्रांची नावे आणि ऐन वळणावर तोडलेले कथानक हे सारे चोपडीतच राहिले आहे.

काळ ठरवताना मुखपृष्ठापेक्षा मलपृष्ठ आणि शेवटच्या पानाची तळओळ आधी वाचावी. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने छापखान्याचे नाव आणि ठिकाण छापणे बंधनकारक केले होते, त्यामुळे अगदी एका आण्याच्या चोपडीवरही ते बहुधा सापडते. याच कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशनाची नोंद सरकारदरबारी होत असे आणि इलाख्याच्या त्रैमासिक याद्या राजपत्राबरोबर प्रसिद्ध होत. शीर्षक, कर्ता, मुद्रक, पृष्ठे, आवृत्ती, किंमत, किती प्रती काढल्या आणि छपाई खिळ्यांची (धातूच्या सुट्या अक्षरांची) की शिळाप्रेसची (दगडावरून केलेली), इतका तपशील त्या याद्यांसाठी नोंदवला जाई. ज्या चोपडीला विद्वानांनी कधी हात लावला नाही, तिची अशी तपशीलवार नोंद सरकारी दप्तरात असावी, ही आपल्या दृष्टीने मोठ्या भाग्याची गोष्ट आहे. शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ही हाताशी असावी; तिच्या पहिल्या खंडात १८०० ते १९३७ या काळातील छापील मराठी पुस्तके नोंदवली आहेत.

शके दिले असेल, तर त्यात ७८ मिळवावेत. म्हणजे शके १८३३ हे इसवी सन १९११-१२ होय. किंमत आण्यांत किंवा पैंत असेल, तर चोपडी बहुतेक १९५७ पूर्वीची असते, कारण त्या वर्षी १ एप्रिलपासून दशमान नाणी चालू झाली. ‘नये पैसे’ हा शब्द सरकारी व्यवहारात १९६४ पर्यंतच होता, तेव्हा ‘किंमत २५ नये पैसे’ असे दिसल्यास काळ सात-आठ वर्षांच्या आत येतो. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर ती चोपडी ऑगस्ट १९७२ च्या आधीची असणे शक्य नाही. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘पदें’ असे अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या लेखनविषयक नियमांनंतर हळूहळू मागे पडले. मात्र जुन्या जुळणीवरून पुन्हा छापणाऱ्यांनी ते पुढेही तसेच ठेवले, म्हणून केवळ त्यांच्या आधारावर निर्णय देऊ नये. लावणीच्या बाबतीत शेवटचे कडवे नीट वाचावे, कारण कवीची नाममुद्रा तिथे असते. पण तिच्यावरून रचनेचा कर्ता कळतो, छपाईचा काळ नव्हे. होनाजी किंवा रामजोशी यांचे नाव दिसले म्हणून चोपडी पेशवाईतील ठरत नाही.

एक विनंती. एखाद्या पदासमोर पेन्सिलीने केलेली फुली, ‘वन्समोअर’ असा शेरा किंवा कोपऱ्यात लिहिलेले गावाचे नाव आणि तारीख खोडू नका. छापील साल नसलेल्या चोपडीवर वाचकाने स्वतः घातलेली तारीख फार मोलाची असते, आणि लोकांनी कोणत्या पदाला दाद दिली, हे अन्यत्र कोणी लिहून ठेवलेले नसते.

प्रश्न : माझ्याकडील चोपड्यांची पाने हात लावताच तुटतात. त्यांना लॅमिनेशन करावे की सर्व एकत्र बांधून घ्याव्यात?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : कृपया दोन्ही करू नये. स्वस्त कागदात लाकडाच्या लगद्याबरोबर आलेले आम्ल पानांना आतून ठिसूळ करते. लॅमिनेशनने ते आत कोंडले जाते आणि उष्णतेने चिकटलेले प्लॅस्टिक पुन्हा सुरक्षितपणे निघत नाही. चिकटपट्टीचेही तसेच, काही वर्षांनी पट्टी गळून पडते आणि तपकिरी डाग मात्र कायमचा राहतो. बांधणीवाला कडा समान करण्यासाठी कातरतो, आणि नेमकी तळओळ किंवा किंमत कापली जाते. रंगीत मुखपृष्ठे फाडून बांधलेले गठ्ठे पाहिले, की फार वाईट वाटते.

पहिल्यांदा प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे, कोऱ्या दिसणाऱ्या मलपृष्ठाचेसुद्धा. गंजलेली तार ओढून काढू नये. चोपडी मधोमध उघडून तारेची टोके पातळ पट्टीने सरळ करावीत आणि मग ती बाहेरून अलगद सोडवावी. त्यानंतर प्रत्येक चोपडी आम्लविरहित कागदाच्या पाकिटात आडवी ठेवावी. वर्तमानपत्राचा कागद मध्ये घालू नये, कारण तोही आम्लयुक्तच असतो. गुलाबी-हिरव्या मुखपृष्ठांचा रंग पाण्याच्या थेंबानेही पसरतो, म्हणून ओले फडके दूर ठेवावे. कसर आणि वाळवी यांच्यासाठी पावसाळ्यानंतर दर महिन्याला पेटी उघडून पाहणे हाच खात्रीचा उपाय आहे.

प्रश्न : अशा चोपड्या आता कुठे मिळतील?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात अधूनमधून मिळतात, तो बाजार शाहीर अमर शेख चौकालगत भरतो, हा योग मनाला सुखावणारा आहे. रद्दीवाल्याकडून गठ्ठा मिळाल्यास त्यातील निवडक चोपड्या न घेता सगळा गठ्ठा घ्यावा, कारण एकाच घरातील चोपड्या एकत्र राहिल्या, तरच त्या घराची आवड कळते.

प्रश्न : माझ्या आईने दीक्षाभूमीवरून दरवर्षी आणलेली भीमगीतांची आणि जलशांची पुस्तके मी जपली आहेत. ग्रंथालये ती घेतील का? त्यांतील गाणी मी छापू शकते का?
— एक वाचिका, नागपूर

उत्तर : ताई, आपला संग्रह मोलाचा आहे. सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे आणि त्यानंतरची भीमगीते ही परंपरा प्रामुख्याने अशाच स्वस्त पुस्तकांतून आणि गायकांच्या गळ्यातून पुढे आली, आणि ग्रंथालयांच्या कपाटांत तिला फार उशिरा जागा मिळाली. चित्रपटांच्या पुस्तिका पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपल्या जातात. भीमगीतांसाठी मात्र विद्यापीठाच्या ग्रंथालयाला किंवा मराठी विभागाला आधी यादी पाठवून विचारावे. संग्रह देताना तो विस्कळीत न करता आईंच्या नावाने एकत्र ठेवण्याची लेखी अट घालावी. गाण्याखाली केवळ चित्रपटगीताची चाल दिलेली असते, म्हणून आईंना ती गाणी म्हणायला सांगून ध्वनिमुद्रणही करून ठेवावे.

छापण्याबाबत सांगायचे, तर आपल्या कायद्यानुसार कवीच्या निधनाचे वर्ष संपल्यापासून ६० वर्षे हक्क टिकतो. पठ्ठे बापूराव १९४५ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या रचना आता सर्वांना खुल्या आहेत. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांचे निधन १९६९ चे, म्हणजे त्यांच्या गीतांवरील हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या गीतांसाठी २०६४ अखेरपर्यंत वारसांची किंवा हक्कधारकांची परवानगी घ्यावी लागेल. कवीचे नावच नसलेल्या रचनेचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षे मोजतात, पण त्या मुदतीत कवी कोण हे उघड झाले, तर ती त्याच्या निधनापासून मोजली जाते. म्हणून निनावी गीत छापण्यापूर्वी त्याच गीताची दुसऱ्या प्रकाशकाची प्रत पाहावी; एका पुस्तकात गाळलेले कवीचे नाव पुष्कळदा दुसऱ्यात सापडते.