रेषा सरकते तेव्हा

चि. मुली,

अनेक आशीर्वाद. सोमवारपासून तू सल्ला केंद्रात बसणार हे वाचून फार बरं वाटलं. पुण्यात कायदा शिकलीस, इथे ब्रिटनमध्ये मास्टर्स केलंस, आणि मोठ्या पगाराची नोकरी सोडून इमिग्रेशनच्या फायलींत डोकं घालायचं ठरवलंस. घरच्यांना ते पटलेलं नाही असं लिहिलं आहेस. त्यांना थोडा वेळ दे.

तू विचारलंस, समोर बसलेला माणूस खरा की खोटा हे ओळखायचं कसं? बाकीचं सगळं बाजूला ठेवून मी यावरच लिहिते आहे. या कामात नवे येणारे बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात आणि काही जण कायमचे इथेच अडकतात. खरंखोटं ठरवायला सरकारने पुष्कळ माणसं नेमली आहेत. तुझी नेमणूक त्यासाठी नाही. तुझ्यापुढे आलेल्या माणसाची बाजू पूर्ण, स्वच्छ आणि वेळेत मांडली जाते की नाही, एवढंच तुझं काम. तेवढ्याने दिवस संपतो.

हा प्रश्न आपल्याकडे कुठून येतो ते मला ठाऊक आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. म्हणजे आपली माणसं इथे बरीच आधीपासून आहेत, आणि रीतसर आली आहेत. गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद खाताना कुणीतरी हमखास म्हणतं, 'आम्ही रांगेत उभे राहून आलो, कर भरला, कुणाचं काही घेतलं नाही. जे घुसले त्यांचं ते बघतील.' या बोलण्यात अभिमान आहे आणि त्याच्या खाली भीती आहे. मी त्यांच्याशी वाद घालते, कारण गेल्या वीस वर्षांत या देशात जे सगळ्यात वाईट भरडले गेले त्यांतले कितीतरी जण रांगेत उभे राहूनच आले होते. ते जागेवरच होते, कायद्याची रेषा सरकली.

विंडरशचं प्रकरण तू अभ्यासक्रमात वाचलं असशील, पण ते पुन्हा वाच, माणसं म्हणून वाच. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने वसाहतींतल्या लोकांना ब्रिटनमध्ये येऊन राहण्याचा हक्क होता. त्याच वर्षी २२ जूनला 'एम्पायर विंडरश' जहाजातून माणसं टिल्बरी बंदरात उतरली, आणि पुढची वीसेक वर्षं कॅरिबियन बेटांवरून कुटुंबं येत राहिली. पोरं आईबापांच्या पासपोर्टवर आली. १ जानेवारी १९७३ च्या आधी स्थायिक झालेल्यांचा हक्क नव्या कायद्याने कायम ठेवला, पण त्यांच्या हातात कागद दिला नाही. चाळीस वर्षं कुणी मागितलाही नाही. मग २०१२ मध्ये तेव्हाच्या गृहमंत्री थेरेसा मे यांनी सांगितलं की बेकायदा राहणाऱ्यांसाठी देशातलं वातावरणच शत्रुत्वाचं करायचं आहे. २०१४ आणि २०१६ चे कायदे त्यातूनच आले. कागद मागायला सुरुवात झाली, आणि माणूस देशात आल्याची नोंद असलेली जुनी लँडिंग कार्डं तर होम ऑफिसने, म्हणजे इथल्या गृहखात्यानेच, २०१० साली नष्ट केली होती.

पॉलेट विल्सन जमैकाहून लहानपणी आल्या, १९६८ साली. त्यांनी ब्रिटिश संसदेच्या उपाहारगृहात स्वयंपाक केला, ३४ वर्षं नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पगारातून कापली जाणारी सरकारी वर्गणी, भरला. २०१७ मध्ये त्यांना यार्ल्स वुडच्या डिटेन्शन सेंटरमध्ये ठेवलं आणि ज्या बेटावर त्या पन्नास वर्षांत गेल्या नव्हत्या तिथे पाठवायची तयारी झाली. त्यांच्या खासदाराने आणि वुल्व्हरहॅम्प्टनच्या एका सल्ला केंद्राने धावपळ केली म्हणून त्या वाचल्या. केंद्र तुझ्या केंद्रासारखंच. २०२० मध्ये त्या वारल्या. किमान ८३ जणांना चुकीने देशाबाहेर काढलं गेलं असं सरकारनेच कबूल केलं. त्यांतल्या ११ जणांचा ठावठिकाणा लागेपर्यंत ते जग सोडून गेले होते. सरकारनेच नेमलेल्या वेंडी विल्यम्स यांचा चौकशी अहवाल मार्च २०२० मध्ये आला. हे सगळं आधी दिसत होतं आणि टाळता आलं असतं, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे.

आता आपल्याकडच्या मुलांचं. फेब्रुवारी २०१४ मध्ये बीबीसीने व्हिसासाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या टोइक परीक्षेत तोतये बसवले जातात ते चित्रित करून दाखवलं. फसवणूक खरी होती, ती नाकारू नकोस. पण पुढे काय झालं ते बघ. परीक्षा घेणाऱ्या कंपनीने २०११ ते २०१४ मधल्या ५८ हजारांवर चाचण्या तपासल्या आणि ९७ टक्के संशयास्पद ठरवल्या. एवढ्या मोठ्या संख्येने मुलं तोतये बसवतील यावर तुझा विश्वास बसतो? होम ऑफिसचा बसला. हजारोंचे व्हिसा गेले, त्यांत भारत, पाकिस्तान, बांगलादेशची मुलं मोठ्या संख्येने होती. अपील करायचं तर आधी देश सोडा, मग करा. काही जण उत्तम इंग्रजी बोलत न्यायालयात उभे राहिले आणि इंग्रजी येत नसल्याचा ठपका पुसायला वर्षानुवर्षं लढले. फी भरण्यासाठी जमीन विकलेल्या बापाला फोनवर काय सांगायचं हे न कळून कित्येकांनी घरी सांगितलंच नाही. लग्नं मोडली. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना व्हिसापेक्षा नाव परत हवं होतं. 'मी चोरी केली नाही एवढं कुणीतरी लिहून द्या,' म्हणायचे.

त्यानंतर इंजिनियर, डॉक्टर, हिशेबनीस यांची पाळी आली. कायम राहण्याचा अर्ज करताना जुन्या कर विवरणात आकड्यांची तफावत दिसली की नियम ३२२(५) लावायचा. हा नियम गंभीर गैरवर्तनासाठी ठेवलेला. अर्जदाराला साधं विचारलंही जात नव्हतं की बाबा, हा फरक कसा पडला. एप्रिल २०१९ मध्ये अपील न्यायालयाने ही पद्धत चुकीची ठरवली. आरतीला येणाऱ्या मंडळींनी हे नीट ऐकावं असं मला नेहमी वाटतं.

धोरणाचं खरं टोक विमानतळावर दिसत नाही. ते घरमालकाच्या दारात दिसतं, बँकेच्या खिडकीवर, इस्पितळाच्या काउंटरवर. इंग्लंडमध्ये भाड्याने घर देताना मालकाने भाडेकरूचा इमिग्रेशनचा दर्जा तपासायचा. चुकला तर पहिल्या वेळी माणशी १० हजार पौंडांपर्यंत दंड. मग मालक काय करेल? ज्याचं नाव आणि रंग बघून शंका येणार नाही अशालाच घर देईल. काही घरमालक यामुळे भेदभाव करतात हे न्यायालयांनीही मान्य केलं, तरी २०२० मध्ये अपील न्यायालयाने योजना कायम ठेवली. म्हणजे ज्यांना सरकारी पगार नाही, प्रशिक्षण नाही, अशा लाखो साध्या माणसांच्या हातात सीमेची चौकी दिली गेली. संशय ही नवी गोष्टही नाही. १९७९ मध्ये लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची हीथ्रोवर कौमार्य तपासणी झाली होती, ती खरंच नवरी आहे का हे बघायला. त्या काळच्या भारत सरकारनेही निषेध केला, मग ते थांबलं.

कुटुंबांबद्दल थोडंच लिहिते, कारण हे नियम तुला पाठ आहेत. परदेशी जोडीदाराला आणायचं तर २०१२ मध्ये वर्षाला १८,६०० पौंड मिळकत लागे. ११ एप्रिल २०२४ पासून २९,०००. किमान वेतनावर आठवडाभर पूर्णवेळ राबणाऱ्या माणसाची मिळकत तेव्हा तिथवर पोचत नव्हती. ज्या मुलांनी बाप फक्त मोबाइलच्या पडद्यावर पाहिला, अशी मुलं तुझ्या केंद्रात येतील. त्यांच्याशी आधी शाळेबद्दल बोल.

सगळ्यात जास्त तुला भेटतील त्या केअर वर्कर. त्यांच्याबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांच्यासाठी व्हिसा खुला केला, कारण म्हाताऱ्यांना उठवायला, आंघोळ घालायला, जेवू घालायला इथे माणसं मिळत नव्हती. केरळ, पंजाब, गुजरात आणि आपल्याकडूनही बायका आल्या. कित्येकींनी एजंटला लाखो रुपये मोजले. सोनं गहाण, पतसंस्थेचं कर्ज, भावाचा जामीन. इथे येऊन कळलं की ज्या कंपनीने स्पॉन्सर केलं, म्हणजे व्हिसासाठी नोकरीची हमी दिली, तिच्याकडे कामाचे तासच नाहीत. तक्रार केली तर स्पॉन्सर जाणार. कंपनीचा परदेशी कामगार आणायचा परवाना रद्द झाला तर शिक्षा तिला: नवा स्पॉन्सर शोधायला ६० दिवस, नाहीतर परत. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात केअर क्षेत्रातले ४७० हून अधिक परवाने रद्द झाले. त्या कंपन्यांशी निगडित कामगार ३९ हजारांच्या वर होते. ११ मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्यांना मुलं-नवरा आणायची बंदी आली, २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवी भरतीच बंद. दुसऱ्याच्या आईची शुश्रूषा करणारी ही बाई स्वतःच्या पोराला रात्री फोनवरून झोपवते. व्हिसा, नोकरी, घर सगळं एकाच मालकाच्या मुठीत असेल तर तिने तोंड उघडावं कसं? हा कायदा रचणाऱ्यांना हे दिसत नव्हतं असं मी मानत नाही.

सरकारला नियम करायचा अधिकार आहे, लोकांना घरं आणि दवाखान्यांची चिंता आहे, हेही खरं. त्या चिंतेची खिल्ली उडवू नकोस. तुझ्या शेजारीपाजारीच ती माणसं राहतात. पण माणूस यायच्या वेळी एक अट सांगायची आणि आल्यावर दुसरी लावायची, हे मला अन्याय्यच वाटतं. २००६ मध्ये उच्चशिक्षितांच्या व्हिसाच्या अटी मागाहून बदलल्या, तेव्हा त्या व्हिसावाल्यांच्या एचएसएमपी फोरम या संघटनेने दावा लावला आणि एप्रिल २००८ मध्ये जिंकला. मे २०२५ च्या सरकारी श्वेतपत्रिकेत स्थायिक होण्यासाठी पाचऐवजी दहा वर्षांचा विचार मांडला आहे. तो जुना निकाल काढून वाच, लागेल.

आता कामाचं. ज्याच्याकडे खरंच कागद नाही, मुदत उलटून गेली आहे, त्यालाही पाणी विचार, खुर्ची दे, आणि खोटी आशा देऊ नकोस. 'काहीतरी करू' हे वाक्य तू कधीच बोलायचं नाही. काय होऊ शकतं, काय नाही, किती खर्च, किती महिने, हे त्याच्या भाषेत सांग. आईची व्यथा दहा वर्षांच्या पोराला दुभाषी करून वदवून घेऊ नकोस, दुभाषी मिळेपर्यंत थांब. तारखा पुढेमागे झाल्या म्हणून माणूस खोटा ठरत नाही. घाबरलेल्या माणसाच्या तारखा हलतातच. मुदत संपायच्या आत अर्ज गेला तर निर्णय होईपर्यंत आधीचे हक्क सहसा टिकतात, म्हणून पहिली नजर तारखेवर. एजंटला दिलेल्या प्रत्येक रकमेचा मेसेज, पावती, बँकेची नोंद जपून ठेवायला सांग. २०१३ पासून यातल्या बहुतेक कामांना सरकारी कायदेशीर मदत मिळत नाही, त्यामुळे बोगस सल्लागारांचं फावलं आहे. नोंदणी नसताना सल्ला देणं गुन्हा आहे हे केंद्राच्या दारावर मराठी, गुजराती, मल्याळममध्ये लाव.

तू पहिल्या आठवड्यात हाती येणाऱ्या दोन फायलींबद्दल लिहिलं आहेस, एक केअर होममध्ये काम करणारीची आणि एक विद्यार्थ्याची. केअर होमवालीच्या फायलीत ६० दिवस होम ऑफिसच्या पत्राच्या तारखेपासून आहेत की दुसऱ्या तारखेपासून, ते पत्रातच दिलेलं असतं. तिचं पत्र स्वतः डोळ्यांनी वाच, तिच्या सांगण्यावर जाऊ नकोस. विद्यार्थ्याच्या बाबतीत काहीही लिहायच्या आधी होम ऑफिसकडे त्याच्या नावाने असलेली सगळी माहिती मागवणारा अर्ज पाठव. त्याला पैसे लागत नाहीत. उत्तर आलं की मला फोन कर, आपण दोघी बसून वाचू.

तुझी,
मावशी