कन्फेशन करूनही मन हलकं होत नाही तेव्हा

ईस्टर झालं की माझ्याकडे येणाऱ्यांचा प्रश्न दरवर्षी जवळपास हाच असतो, की कन्फेशन केलं, म्हणजे फादरांसमोर पापं कबूल केली, त्यांनी पापक्षमा दिली, तरी माफी मिळाली असं आतून वाटतच नाही, मग माझ्या श्रद्धेतच खोट आहे का?

वसईतल्या एका ताईंचं सांगते, त्यांना विचारून आणि ओळख पटेल ते बदलून. सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळलेल्या, डिमेन्शिया, रोज रात्री तीनच्या सुमाराला हाका मारायच्या, नवरा नाइट शिफ्टला त्यामुळे उठायचं ह्यांनीच. एका रात्री म्हातारीने पेजेची वाटी ढकलून दिली आणि ह्यांनी रागाच्या भरात तिच्या हातावर चापट मारली. आठवड्याभरात ती गेली. ईस्टरआधीच्या उपवासकाळात ताईंनी ह्या एका चापटीसाठी तीन चर्चमध्ये जाऊन तीन फादरांकडे कन्फेशन केलं आणि तरी ईस्टरच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायला जागेवरून उठल्या नाहीत. माझ्यासमोर बसून उजवा तळहात सारखा पदराला पुसत होत्या.

देव दयाळू आहे वगैरे मी नाही म्हटलं, ते त्यांना पाठच होतं. मी विचारलं, येशूला पकडलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र, मी ह्याला ओळखत नाही, असं तीनदा म्हणाला, तेव्हा तो कुठे उभा होता? शेकोटीपाशी, म्हणाल्या. योहानाच्या शुभवर्तमानात तो कोळशाचा विस्तव आहे, आणि पुनरुत्थानानंतर तळ्याकाठी येशू न्याहारीला बोलावतो तिथेही कोळशाचाच विस्तव, वर मासे. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण येशू ती रात्र पुसून टाकत नाही, पेत्राला त्याच वासापाशी परत आणतो, आधी खायला घालतो आणि मग तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का. का नाकारलंस, हे एकदाही नाही विचारत!

ताई बराच वेळ गप्प. मग आम्ही हिशेब केला, चार वर्षं म्हणजे चौदाशेच्या वर रात्री त्या उठल्या होत्या, त्यातल्या एका रात्रीची ही चापट. चूक ती चूकच, पण तिची क्षमा पहिल्याच कन्फेशनला झालेली आहे. ठरवलं ते इतकंच, की कन्फेशन एकाच फादरांकडे, हे पाप परत उकरायचं नाही, आणि झोपेसाठी डॉक्टरांना दाखवायचं.

ईस्टरनंतरचा तो पुढचा रविवार दैवी दयेचा, म्हणजे देवाच्या दयेच्या सणाचा होता. २००० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी सिस्टर फॉस्टिना या पोलिश नन यांना संतपद देताना तो जाहीर केला. दैवी दयेच्या येशूच्या तसबिरीखाली लिहिलेलं असतं, येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे. मी त्यांना म्हटलं, भरवसा ठेवायला मन हलकं व्हायची वाट बघू नका, हात थरथरला तरी कम्युनियन घ्या.

सोमवारी फोन आला. "ताई, घेतलं कम्युनियन. पण दुपारी तीनला दयेची जपमाळ करायला बसले आणि मध्येच झोप लागली, ती थेट पाचला जाग. चालेल ना?"

म्हटलं, झोपा हो.