सोसायटीच्या गच्चीवर मुलांना दाखवायला श्रीमंत-गरीब मैत्रीचा जुना सिनेमा कोणता? (घोडबंदर रोड, ठाणे)

सत्येन बोस यांचा 'जागृती' (1954) लावा. टॉवरमधली मुलं आणि वॉचमनकाकांची, कामवाल्या मावशींची मुलं एकत्र बसणार आहेत, म्हणून तर तोच. खात्यापित्या घरचा उनाड अजय आणि गरीब घरातला, कुबडीवर चालणारा शक्ती यांची ही शाळेतली दोस्ती. मला आवडतं ते हे, की यात गरीब मुलगा कोणाच्या दयेवर जगत नाही. अजयच्या खोड्यांवर तोंडावर बोलायची हिंमत त्याच्यातच आहे, आणि त्याचं म्हणणं अजयला लागतंही. अभि भट्टाचार्यांचे शेखर मास्तर छडीऐवजी मुलांना देश दाखवायला नेतात. 'आओ बच्चों तुम्हें दिखाएँ' तिथलंच, म्हणजे 15 ऑगस्टला शाळेत हे गाणं ऐकलेली पोरं लगेच सूर धरतील. गाणी कवी प्रदीप यांची, संगीत हेमंत कुमारांचं. आमच्या कोपरीच्या इमारतीत मुलांसोबत बसून पाहिलाय, म्हणून सांगतोय. कृष्णधवल असल्याची कुरकुर पहिल्या गाण्यापर्यंतच टिकली. (मास्तरांची भाषणं मात्र लांबतात. तेवढ्यात वडापाव वाटून घ्या.)

एक लक्षात ठेवा: पुढे शक्ती अपघातात जातो, आणि तो प्रसंग जड आहे. आठ वर्षांखालच्यांना आईबाबांजवळ बसवा, आणि मोठ्यांना आधी थोडी कल्पना द्या.